बैलतोंड्या सिंहांचं सिंहासन

मी एक जुनी खुर्ची आहे. जुनी म्हणजे किती, तर आठ वर्षांची. पण तुम्ही शाळेतली पोरं मला जुनाट म्हणता, माझ्या हातावर बसून घोडा घोडा खेळता, तर असू दे, मी जुनी. मित्रांनो, आज जरा खाली उतरा आणि ऐका, कारण मी मुळात खुर्ची नाहीच. मी सिंहासन आहे. हसू नका. ह्या हातांच्या टोकाला दोन तोंडं दिसतात ना, ती सिंहांची आहेत. बैलांसारखी दिसतात हे मलाही माहीत आहे. ते कसं झालं ते आधी सांगते, मग खरी गोष्ट सांगते, मला दोन्ही एकदम सांगावंसं वाटतंय.

आपल्या सोनईत हौशी संगीत मंडळी आहे, ती तेव्हाही होती. दिवसभर शेतात नाही तर दुकानात राबायचं आणि पेरण्या झाल्या की तालमी सुरू करायच्या, अशी ही मंडळी. त्यांचे पुढारी श्रीमंतकाका, शेतकरी माणूस, नाटक बसवायचे तेच, आणि भिकाऱ्याचं काम करायचे तेही तेच. एक्केचाळीस साली त्यांनी 'संगीत धैर्यकेतू' नावाचं नाटक घेतलं. त्यात राजा, राजाचा दरबार, म्हणजे सिंहासन पाहिजेच. श्रीमंतकाकांच्या विहिरीच्या बांधावरची एक बाभळ वादळात पडली होती, तिचं खोड घेऊन ते सहादेव सुतारांकडे गेले. ते खोड म्हणजे मी, म्हणून मला सगळं बोलणं आठवतं.

"तात्या, शिंव्हासन करायचंय."

"किती बैलांचं?" सहादेवतात्यांनी विचारलं, कारण त्यांनी जन्मभर नांगर, तिफणी आणि गाड्याच केलेल्या.

"गाडी न्हाई तात्या. राजाला बसाया. दोन हाताला दोन शिंव्ह पायजेत."

"शिंव्ह कसा असतो?"

श्रीमंतकाका जरा घोटाळले. "मानंवर केसं असत्यात."

"आनि तोंड?"

"तोंड... मोठं असतं."

"तू बघितलाय का?"

"न्हाई."

"मी बी न्हाई," तात्या म्हणाले, "बघू कसं जमतंय."

आणि त्यांनी जे तोंड रोज बघितलं होतं तेच कोरलं. वर मानेवर केस काढले, खाली बैल राहिला. कान मात्र काय सुंदर झाले म्हणून सांगू, जाड, गोल, हातात नीट मावणारे. ते कान लक्षात ठेवा. पाय केले ते गाडीला पेलतील असे, त्यामुळे मला उचलायला अजूनही दोन गडी लागतात. मग वरून बेगड चिकटवली, सोनेरी आणि लाल, आणि मी अशी चमकायला लागले की तात्यांची कोंबडी मला बघून पळून गेली.

राहिली गादी. तात्यांच्या कामठ्यासमोर, म्हणजे सुतारकामाच्या छपरासमोर, मधे फक्त गल्ली, गनीभाई पिंजाऱ्यांचं दुकान होतं. गनीभाई दिवसभर कापूस पिंजायचे. ती मोठी धनुकली आडवी धरायची, तिच्या ताणलेल्या तातीवर, म्हणजे दोरीवर, लाकडी ठोकळा मारायचा, ट्याँव ट्याँव आवाज निघायचा आणि कापूस ढगासारखा वर उडायचा. आणि त्या आवाजात आवाज मिसळून त्यांचा मुलगा रज्जाक गायचा. वीस-एकवीस वर्षांचा, अंगभर कापूस, भुवया पांढऱ्या, आणि गळा असा की गल्लीतून जाणाऱ्या बायका घागर खाली ठेवायच्या. हाच रज्जाक आमचा राजा.

गनीभाईंना ते बिलकूल आवडत नव्हतं. तात्या गादी मागायला गेले तेव्हा ते म्हणाले, "नाटकाला द्यायला माझ्याकडं कापूस न्हाई. तुमाला पायजे तर घ्या. तुमी शेजारी हाय." आणि मग अशी गादी भरली की काय सांगू. गाठ नाही, खड्डा नाही, बसलं की माणूस अलगद खाली जाऊन थांबतो. तुम्ही त्यातला कापूस दोन ठिकाणी उपसलाय, मी बोलले नाही, पण मला माहीत आहे कोणी ते.

दोन वर्षं छान गेली. पहिल्या अंकात रज्जाक माझ्यावर बसून गायचा आणि वरचा सूर आला की दोन्ही हातांनी सिंहांचे कान घट्ट धरायचा. का धरायचा ते कोणालाच कळायचं नाही, पण कान धरले की सूर लागायचाच. शेवटच्या अंकात एक भिकारी दरबारात येतो आणि राजा सिंहासनावरून उतरून त्याला बसवतो. तिथलं गाणं सगळ्यात मोठं. लोक वन्स मोअर वन्स मोअर ओरडायचे, रज्जाक परत परत गायचा, आणि भिकारी झालेले श्रीमंतकाका माझ्यावर बसून एवढे खूश व्हायचे की भिकारी आहोत हेच विसरायचे. माझं एकच दुःख होतं. माझी पाठ मागच्या पडद्याकडे आणि राजा माझ्यावर, मग मला नाटक दिसणार कसं? राजाची नुसती पाठ दिसायची.

मग आलं त्रेचाळीस साल. लढाई चालू होती, रॉकेल कंट्रोलात गेलं, बत्त्या पेटवायच्या कशाने? मंडळींनी ठरवलं, नाटक दुपारी तीन वाजता करायचं, वर गोणपाटाचा मांडव घालून. लोक हसले. उन्हात राजाच्या दाढीचा डिंक वितळेल म्हणाले, आणि तसा तो पुढे वितळलाही. पण त्याच दिवसांत, मी बेगड लावून घ्यायला तात्यांकडे असताना, गल्लीत जे बोलणं झालं त्यानं माझी बेगड जागच्या जागी थंड पडली.

गनीभाई रज्जाकला म्हणाले, "थंडी तोंडावर आली, गाद्यांचं काम दारात पडलंय, आनि तू मिशा लावून फिरतुयास. दिवाळी झाली की जामखेडला मामाकडं जा. तितं दुकानावर बस."

"अब्बा, लोकांस्नी माझं गानं आवडतं."

"लोकांस्नी माकड बी आवडतं. गावानं टाळ्या वाजवल्या म्हंजी गळा चांगला, आसं असतं व्हय? ज्याला गान्यातलं कळतं आसा एक मानूस मला दाखव, जो म्हनंल की ह्यानं गावं. मग मी जामखेडचं नाव काढनार न्हाई."

हे श्रीमंतकाकांनी ऐकलं होतं. ते तात्यांकडे तिफण दुरुस्तीला आले होते. त्यांनी सरळ नगरला पत्र धाडलं. तिथल्या एका साप्ताहिकात गहिनीनाथराव म्हणून एकजण नाटकांवर लिहायचे. स्वतः गाणं शिकलेले, वय पन्नाशीचं, आणि लिहिणं असं कडक की त्यांच्या अभिप्रायानंतर एका मंडळीच्या नायकानं मिशी काढली म्हणत. ते येतो म्हणाले. मित्रांनो, रज्जाकचं जामखेडला जाणं आता ह्या एका माणसाच्या पेन्सिलीवर आलं होतं.

आणि आता चूक ऐका. अशी चूक आपल्याच गावात होऊ शकते.

गहिनीनाथराव आले ते कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं घोडेगावपर्यंत, आणि तिथून बैलगाडीनं. उतरले तेव्हा त्यांना सरळ उभं राहता येईना, कमरेवर हात, चेहरा आंबट. सगळे लोक घोंगड्यांवर बसलेले. त्यांच्यासाठी पुढं एक धान्याचं पोतं आडवं टाकलं होतं. ते श्रीमंतकाकांच्या आईनं, रंगुबाईंनी बघितलं. रंगुबाई म्हणजे गावात कोणाचेही कान उपटायला मोकळ्या.

"पाव्हन्याला पोत्यावर बसवता व्हय रं? मानसाची कंबर मोडलीया. ती खुर्ची कुटाय?"

"मावशी, ते शिंव्हासन हाय. राजा बसतो त्याच्यावर," कोणीतरी म्हणालं.

"राजा गावचाच हाय. त्यो बसंल पोत्यावर. पाव्हना परगावचा हाय."

पाहुण्याला चांगलं आसन द्यायचं आणि आपण जमिनीवर बसायचं, हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही, सगळ्यांना येतंच. श्रीमंतकाका आत तोंडाला राख फासत होते, रज्जाक मिशी लावत होता, त्यांना पत्ताच नाही. दोन गड्यांनी मला उचललं, ओट्यावरून खाली आणलं आणि पहिल्या रांगेच्याही पुढं ठेवलं. गहिनीनाथराव बसले, अलगद खाली गेले, थांबले. चेहरा जरा निवळला.

"गादी कोणी भरली हो? हात चांगला आहे," ते म्हणाले.

"आमच्या गनीभाईंनी," रंगुबाई म्हणाल्या.

मला तर काय करू आणि काय नको असं झालं. मी पहिल्यांदा ओट्याकडे तोंड करून होते. मी नाटक समोरून बघणार होते.

धोतरं जोडून केलेला पडदा बाजूला झाला. राजा रुबाबात आला, सिंहासनाकडे वळला, आणि तिथं मी नव्हते. पोतं होतं, वर लाल लुगडं टाकलेलं. त्यानं समोर बघितलं. मी समोर. माझ्यावर गहिनीनाथराव. ओट्यावरच्या रज्जाकचा चेहरा मला पहिल्यांदाच दिसला आणि तो असा दिसला, दूध सांडल्यावर लहान मूल बघतं तसा.

तो पोत्यावर बसला. गायला लागला. वरचा सूर जवळ आला आणि त्याचे हात दोन्ही बाजूंना गेले, कान शोधायला. कान कुठले? नुसती हवा. हात एकदा मांडीवर, एकदा कमरेवर, आणि सूर घसरला. पेटीवाल्यानं सावरायला भाता जोरात मारला तर तो फुसकन वाजला. मागून एक टवाळ म्हणाला, "राजा, पोत्यात काय हाय? जवारी का?" लोक हसले. गहिनीनाथरावांनी वही माझ्या उजव्या सिंहाच्या डोक्यावर टेकवली आणि पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. जोर देऊन लिहिलं. मला वाचता येत नाही, पण दाबून लिहिलेलं कळतं. मी मनात म्हटलं, गेलं जामखेडला आमचं पोरगं.

दुसरा अंकही तसाच. राणी झालेल्या छगनची दाढीची खुंटं उन्हात चमकत होती. परत पेन्सिल.

मग शेवटचा अंक. दरबारात भिकारी आला. आता राजानं उतरून त्याला सिंहासन द्यायचं. पण पोत्यावरून उठून पोतं दिलं तर ते कसलं दान? रज्जाक उठला. पोत्याकडे बघितलं. मग त्यानं भिकाऱ्याचा हात धरला आणि ओट्यावरून खाली उतरायला लागला. नाटकात असं काही नव्हतं. श्रीमंतकाका त्याच्यामागं ओढले जात होते आणि ओठ न हलवता बोलत होते, मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"रज्जाक, कुटं निगालास? ते पेपरवाले हायत."

"काका, या."

"आरं लिहित्याल ना ते."

"लिहू द्या."

तो आमच्यासमोर येऊन उभा राहिला. दाढी एका बाजूनं सुटलेली, कपाळावर घाम. त्यानं गहिनीनाथरावांपुढं मान लववली आणि नाटकातल्या भाषेत म्हणाला, "महाराज, हे आसन आता ह्या अतिथीचं आहे."

रंगुबाईंनी पदर तोंडाला लावला. गहिनीनाथराव त्याच्याकडे बघत राहिले, मग भिकाऱ्याकडे, मग वही बंद केली, काखेत मारली, आणि कमरेवर हात ठेवून उठले. बाजूला जाऊन उभे राहिले. श्रीमंतकाका माझ्यावर बसले, पण टोकाला, भीत भीत, आणि मी सांगते, इतका खरा भिकारी त्यांनी कधीच केला नव्हता.

रज्जाकनं डावा हात माझ्या सिंहाच्या कानावर ठेवला आणि गायला.

मी किती वेळा ऐकलं होतं ते गाणं, पण कायम पाठीमागून. समोरून ते वेगळंच होतं. त्याच्या गळ्याची शीर, मिटलेले डोळे, पापणीला अजून चिकटलेला एक कापसाचा तंतू, सगळं मला दिसत होतं. वरचा सूर आला, कान घट्ट धरला गेला, आणि सूर लागला तो थांबेचना. वन्स मोअर झाला. परत वन्स मोअर झाला. तिसरा झाला. गहिनीनाथराव आपले उभे, वही काखेत तशीच. एकदाही उघडली नाही. त्याचीच मला धास्ती वाटली. ज्यानं वाईट एवढं लिहिलं तो चांगलं असताना लिहीत का नाही?

नाटक संपलं तसे ते निघाले, मोटार गाठायची होती. "येतो," एवढंच म्हणाले. गाडी दिसेनाशी झाल्यावर रंगुबाई रज्जाकवर घसरल्या. "पाव्हन्याला बसल्या जाग्यावरनं उठवलास. आता काय लिवंल त्यो? माझ्या सासरी-म्हायेरी आसं कुनी केलं न्हाई." श्रीमंतकाका राख पुसत बसले. रज्जाक म्हणाला, "मावशी, पोतं कसं द्यायचं दान?" आणि मिशी काढून खिशात ठेवली.

दिवाळी झाली. समोर दुकानात रज्जाकचं गाठोडं बांधून ठेवलेलं मला दिसायचं. माझा एक पाय उचलाउचलीत हलला होता म्हणून मी तात्यांच्या कामठ्यात होते. समोर ट्याँव ट्याँव चालायचं, पण गाणं बंद. नुसती ट्याँव ट्याँव किती रडकी वाटते ते मला त्या आठवड्यात कळलं.

मग एका सकाळी श्रीमंतकाका साप्ताहिकाचा अंक घेऊन आले. चेहऱ्यावरून काही कळेना. गनीभाईंनी ठोकळा खाली ठेवला. "वाच. मधलं गाळू नगंस," ते म्हणाले. काका अडखळत वाचू लागले.

"सोनई येथील हौशी मंडळींचा प्रयोग दिवसाउजेडी पाहिला. पेटीचा भाता फाटका आहे. राणीने दाढी नीट करावी. पहिल्या अंकात राजाचे गाणे बसले नाही, आपले हात कोठे ठेवावेत हे त्यांस ठाऊक नसावे." रज्जाक गाठोड्याकडे बघत होता. "मला ज्या सिंहासनावर बसविले त्याचे सिंह बैलांसारखे दिसतात."

"दिसनारच," तात्या गल्लीपलीकडून म्हणाले. "बैलच केल्यात मी. वळखू आले म्हंजी जमलंय."

"तात्या, थांबा की. तर, तिसऱ्या अंकात राजाने माझे आसन काढून घेऊन भिकाऱ्यास दिले. तीनही वन्स मोअर मी उभ्याने ऐकले. वीस वर्षे नाटके पाहतो आहे. माझी कंबर दुखत होती. तरी आसन परत मिळाले असते तर मी बसलो नसतो."

काका थांबले. "संपलं?" गनीभाईंनी विचारलं.

"संपलं."

"शेवटचं परत वाच."

काकांनी परत वाचलं.

"अजून एकडाव."

"गनीभाईंनी बी वन्स मोअर दिला," तात्या म्हणाले, पण हळूच.

गनीभाईंनी समोरचा कापूस हातानं सारखा केला. मग म्हणाले, "माझी गादी चांगली हाय म्हनला व्हता म्हनं त्यो मानूस. रंगुबाई सांगत हुत्या."

"व्हय, बसल्या बसल्या म्हनाला," काका म्हणाले.

"मग मानसाला कळतं. आनि गादीवर बसायचं सोडून त्यो उभा ऱ्हायला." ते रज्जाककडे वळले. "पयल्या अंकात का रं घसरला?"

"हात कुटं ठेवावं कळंना, अब्बा. शिंव्हाचं कान न्हवतं."

गनीभाईंनी स्वतःचा कान चोळला, आणि मित्रांनो, ते जे म्हणाले ते मी कधी विसरणार नाही. "ल्हानपनी खांद्यावर बसायचा, माझं दोनी कान धरायचा आनि बाजारभर गायचा. कान लाल व्हायचं माझं." त्यांनी पायानं ते गाठोडं फळीखाली सरकवलं. "जामखेडला निरोप धाड, यंत न्हाई म्हनावं. आनि गाद्या पुऱ्या करून मगच तालमीला जायाचं. आयकलं का?"

त्या दुपारी ट्याँव ट्याँवमध्ये परत गाणं मिसळलं. माझा पाय ठोकत तात्या ताल चुकवत होते, पण कोण बोलणार.

नंतर बरंच झालं. आम्ही संगमनेरला गेलो, तिथं माझ्या सिंहांना बघून पोरांनी 'हंबा' केलं. तिथल्या वृत्तपत्रातही आमच्यावर चांगलं छापून आलं. लढाई संपली, बत्त्या परत आल्या. आणि मंडळींना वाटलं, आता नाव झालंय, सिंहासनही नावाजलेलं पाहिजे. त्यांनी नगरहून मखमलीचं आणलं, खऱ्या सिंहांचं, पंजे, सुळे सगळं. मी तात्यांच्या पडवीत. दीड वर्ष. बेगड उडाली, पाठीवर दोऱ्या वाळत घातल्या. पहिले काही दिवस मी रुसले, खोटं कशाला सांगू. मग तीच पळून गेलेली कोंबडी परत आली, गनीभाईंच्या गादीवर बसली आणि तिनं अकरा पिल्लं काढली. गादीला गाठ नाही हे तिलाही कळलं. बरं वाटलं मला.

आणि एक दिवस रज्जाक स्वतः आला. म्हणाला, "तात्या, त्या नव्या शिंव्हास्नी कान हायत, पर दगडागत गार लागत्यात. धरवत न्हाईत." दोन गड्यांनी मला उचललं.

त्या प्रयोगाला गनीभाई आले. पहिल्यांदा. स्वच्छ टोपी घालून आले आणि मागं उभे राहिले. झालं, रंगुबाईंनी बघितलं. "गनीभाई उभं हायत. ती खुर्ची आना रं खाली." दोन गडी माझ्याकडे वळले, ओट्यावर रज्जाकचा जीव वरखाली. पण गनीभाईंनी हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या, रंगुबाई. मी पाव्हना न्हाई. बाप हाय." आणि ते घोंगडीवर पहिल्या रांगेत मांडी घालून बसले.

रज्जाक माझ्यावर बसला. दोन्ही कान धरले. मला परत त्याची पाठच दिसत होती, पण त्या दिवशी मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण त्याच्या खांद्यावरून मला गनीभाई दिसत होते आणि ते आपला कान चोळत होते.

आता एकोणपन्नास साल आहे. नाटक नसतं तेव्हा मी तुमच्या शाळेच्या ओसरीवर असते, आणि मी मजेत आहे. तुम्ही घोडा करा, बैल म्हणा, राहिलेली बेगडही खरवडा, तात्या नवी लावतात. पण मित्रांनो, हे उजवीकडचे आणि डावीकडचे कान बघा, कसे गुळगुळीत झालेत. त्यांच्यावर चाकूनं नावं कोरू नका. तेवढे माझ्यासाठी जपा. दर खेपेला ज्याला गायचं असतं, त्याला धरायला काहीतरी लागतं.